कंपनी बुडाली, आणि आम्हाला मिळालेले पैसे आता परत मागतात

आदरणीय वकीलसाहेब,

मकरपुरा जीआयडीसीत माझे कोरुगेटेड खोक्यांचे छोटे युनिट आहे. सूक्ष्म उद्योग म्हणून त्याची उद्यम नोंदणी आहे आणि नऊ माणसे कामाला आहेत. वाघोडिया रस्त्यावरच्या एका खासगी मर्यादित कंपनीला आम्ही २०१६ पासून खोके पुरवत होतो. ती कंपनी औषधांच्या बाटल्या बनवत असे. तिच्यावर ९ सप्टेंबर २०२४ रोजी एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली आणि आता ती लिक्विडेशनमध्ये आहे, म्हणजे तिची मालमत्ता विकून देणी भागवली जात आहेत. गेल्या आठवड्यात हे काम पाहणाऱ्या लिक्विडेटरचे पत्र आले. आम्हाला मिळालेले ११,४०,००० रुपये ‘प्राधान्याने दिलेले’ असल्यामुळे ते १८ टक्के व्याजासह पंधरा दिवसांत परत करावेत, असे त्यात लिहिले आहे.

त्यांच्या यादीत सहा रकमा आहेत. १७ ऑगस्ट २०२३ चे १,२०,०००. ऑक्टोबर २०२३ चे १,४५,०००. डिसेंबर २०२३ चे १,६०,०००, जे त्यांनी मोठ्या ऑर्डरसाठी माल निघण्याआधीच आगाऊ दिले होते. २८ मार्च २०२४ रोजी थकलेल्या बिलांचे एकदम आलेले ३,१५,०००. आणि ११ जुलै २०२४ चे १,००,०००. जूनमध्ये त्यांचा चेक परत गेला, तेव्हा मी त्यांच्या हिशेबनिसांना व्हॉट्सॲपवर कडक निरोप पाठवला होता. त्यानंतर हे एक लाख आले. सहावी रक्कम ३,००,००० ची आहे. कंपनीचे संचालक माझ्या यजमानांचे कॉलेजपासूनचे मित्र. यजमानांनी जून २०२३ मध्ये त्यांना हातउसने तीन लाख दिले होते आणि २ फेब्रुवारी २०२४ रोजी ते परत आले, पण कंपनीच्या खात्यातून. शिवाय आमची १,८५,००० ची बिले अजून येणेच आहेत.

शेजारचे काका न्यायमंदिरात, म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोर्टात, शिरस्तेदार होते. ते म्हणतात, तीन महिन्यांपूर्वीच्या पैशाला कोणी हात लावू शकत नाही. यजमान म्हणतात, भानगड नको, भरून टाकू. भरायचे तर मशीन गहाण टाकावे लागेल. आम्ही माल दिला, घाम गाळला, त्याचेच पैसे घेतले. यात आमचे काय चुकले? आणि मित्राशी बोलणे ठेवावे की तोडावे?

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

ताई,

मशीन गहाण टाकू नका. आज कोणालाही एक रुपया देऊ नका. आणि ते पत्र कपाटात ठेवून विसरूही नका. लिक्विडेटरचे पत्र म्हणजे त्याची मागणी असते, हुकूम नसतो. व्यवहार प्राधान्याचा होता की नाही हे ठरवण्याचा आणि पैसे परत करा असे सांगण्याचा अधिकार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणालाच आहे, आणि बडोद्यातल्या कंपन्यांसाठी ते न्यायाधिकरण अहमदाबादेला बसते. लिक्विडेटरने तिथे अर्ज करायचा, तुम्ही उत्तर द्यायचे, आणि मग निर्णय व्हायचा. असे असताना पंधरा दिवसांत लेखी उत्तर का द्यायचे, तर याच उत्तरावरून पुढे अर्जात तुमच्या किती रकमा घालायच्या हे ठरते आणि सुनावणीत तुमचे पहिले म्हणणे म्हणून तेच वाचले जाते. त्याआधी पत्रावरचा लिक्विडेटरचा नोंदणी क्रमांक भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. पुढे कधी पैसे भरण्याची वेळ आलीच, तर ते कंपनीच्या नावापुढे ‘इन लिक्विडेशन’ असे लिहिलेल्या बँक खात्यातच भरायचे असतात, हेही ध्यानात असू द्या.

काकांचे म्हणणे चुकीचे नाही, ते दुसऱ्या कायद्याचे आहे. १९२० चा प्रांतीय नादारी कायदा एखादी व्यक्ती नादार झाली तर लागू होतो, आणि त्याच्या कलम ५४ प्रमाणे नादारीचा अर्ज होण्याच्या आधीच्या तीन महिन्यांतली रक्कमच प्राधान्याची म्हणून रद्द करता येते. तीही एका विशिष्ट घेणेकऱ्याला इतरांच्या पुढे काढण्याच्या हेतूने दिली होती, असे दिसले तर. काकांनी आयुष्यभर ज्या फायली बांधल्या, त्यांत हाच कायदा होता. तुमच्या प्रकरणात नादार झाली आहे ती कंपनी, आणि कंपनीला २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता लागते. तिथे मुदत तीन महिन्यांची नाही, एक वर्षाची आहे, आणि पैसे घेणारा कंपनीशी संबंधित असेल तर दोन वर्षांची. संचालकांनी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली असेल आणि उद्या त्यांच्यावर स्वतंत्र कार्यवाही झाली, तर हमीदारांना १ डिसेंबर २०१९ पासून हीच संहिता लागू झालेली आहे. तिथला काळ सहा महिन्यांचा आणि निकटच्या माणसांसाठी दोन वर्षांचा असतो, पण तो प्रश्न वेगळा आहे आणि आज तुमच्यापुढे नाही. उत्तरात तीन महिन्यांचा उल्लेख अजिबात करू नका, कारण चुकीच्या कायद्याचा आधार घेतला की बरोबर मुद्द्यांचेही वजन उतरते.

आता तुमच्या मनाला लागलेल्या प्रश्नाकडे वळतो. तुमचे काही चुकलेले नाही, आणि प्राधान्याने दिलेल्या पैशांबद्दलचे संहितेचे कलम ४३ तसे म्हणतही नाही. हा आरोप नाही हे आधी समजून घ्या, कारण बहुतेक लोक संतापून उत्तर लिहितात आणि त्या संतापात नको ते कबूल करून बसतात. कंपनीकडे सगळ्यांना पुरेल इतके उरले नाही की उरलेले कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायचे हे कलम ५३ ठरवते. आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांचे चोवीस महिन्यांपर्यंतचे पगार आणि त्यांच्याच पंगतीला तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिन्यांचे वेतन, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी देणी, आणि त्यानंतर तुमच्यासारखे माल पुरवणारे. बुडण्याच्या आधीच्या वर्षात कंपनीने शेवटच्या रांगेतल्या कोणाला जुन्या देण्यापोटी पैसे दिले, तर ती रक्कम रांग मोडून दिली गेली असे कायदा धरून चालतो. वाघोडिया रस्त्यावरच्या त्या कंपनीतल्या बाटल्या बनवणाऱ्या बायकांचे पगार थकले असतील, तर लिक्विडेटर त्यांच्याही वतीने हे पत्र लिहितो आहे, आणि त्याने ते लिहिणे हे त्याचे कर्तव्यच आहे.

म्हणूनच ‘आमच्या मनात फसवणूक नव्हती’ हे वाक्य तुमच्या उत्तराचा पाया होऊ शकत नाही. जेपी इन्फ्राटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२० रोजी स्पष्ट केले की, कलम ४३ खाली हेतू पाहावा लागत नाही. व्यवहार कलमाच्या चौकटीत बसला की तो प्राधान्याचा मानला जातो, मग देणाऱ्याच्या मनात काहीही असो. त्याचप्रमाणे ‘आम्हाला फायदा कसला, आमचेच पैसे होते’ असेही लिहू नका. कलम ५३ च्या रांगेत तुमच्या वाट्याला जवळजवळ काहीच आले नसते, आणि प्रत्यक्षात पूर्ण रक्कम मिळाली, एवढ्यावर तो मुद्दा लिक्विडेटरच्या बाजूने जातो. त्यावर वाद घालण्यात शक्ती घालवू नका. तुमचा बचाव दुसरीकडे आहे, आणि सहा रकमांपैकी प्रत्येकीचा निराळा आहे. या सहा रकमा एका बेरजेत बांधल्या जाणे हेच तुमचे सगळ्यात मोठे नुकसान आहे. लेखापरीक्षक टॅलीतून तुमच्या नावापुढची प्रत्येक नोंद उचलतो आणि खाली एकूण मांडतो. उत्तरात ती बेरीज आधी सोडवा.

पहिली रक्कम तारखेवरच निकाली निघते. वर्ष मोजायचे ते दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाल्याच्या तारखेपासून मागे. तुमच्या प्रकरणात ही तारीख ९ सप्टेंबर २०२४ आहे, म्हणून काळ सुरू होतो ९ सप्टेंबर २०२३ ला. १७ ऑगस्ट २०२३ चे १,२०,००० रुपये त्याच्या तेवीस दिवस आधीचे आहेत. तुम्ही संबंधित पक्ष ठरलात तरच ते दोन वर्षांच्या मुदतीत येतील, आणि यजमानांची संचालकांशी कॉलेजपासूनची मैत्री हे काही कायद्याने मानलेले नाते नाही. नात्यातले कोणी, भागीदारी, कंपनीचे शेअर किंवा संचालकपद असते तर गोष्ट वेगळी झाली असती. तसे काही नसेल तर उत्तरात एका वाक्यात स्पष्ट लिहा. काही असेल तर तुमच्या वकिलाला आजच सांगा, सुनावणीच्या दिवशी नव्हे.

डिसेंबरचे १,६०,००० रुपये तर मुळात कलम ४३ मध्ये बसतच नाहीत, आणि हा मुद्दा माल पुरवणारे बहुतेक जण हातचा घालवतात. कलम बोलते ते आधीच्या देण्याबद्दल. माल निघण्यापूर्वी आगाऊ आलेली रक्कम कोणते जुने देणे फेडते? त्या दिवशी कंपनी तुमची देणेकरी नव्हतीच, उलट तुम्ही तिचे खोके देणे लागत होता. प्रोफॉर्मा इनव्हॉइस, त्यांची परचेस ऑर्डर, पैसे जमा झाल्याची तारीख आणि त्यानंतरच्या तारखेचे डिलिव्हरी चलन, हे चार कागद एकामागे एक लावा. चलनावर त्यांच्या गोदामाचा शिक्का आणि पोच असेल तर ती प्रत सगळ्यात वर ठेवा. मात्र त्या रकमेतला काही भाग तुमच्या वहीत मागच्या बिलांत वळता केलेला असेल, तर तेवढ्यापुरता हा बचाव राहत नाही, म्हणून आधी स्वतःची खातेवही नीट पाहा.

ऑक्टोबर आणि मार्च या दोन रकमांची खरी लढाई ‘नेहमीच्या व्यवहारा’वर आहे. कंपनीच्या आणि घेणाऱ्याच्या नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात झालेली देवघेव कलम ४३ मधून वगळलेली आहे. कायद्यात तिथे ‘किंवा’ असा शब्द आहे, पण मी वर सांगितलेल्या निकालात तो ‘आणि’ असा वाचला गेला, म्हणून व्यवहार दोन्ही बाजूंना नेहमीचा होता हे दाखवावे लागते. तुमच्या बाजूचे सोपे आहे, खोके विकणे हाच तुमचा धंदा. कंपनीच्या बाजूने दाखवायचे ते हे की खोके घेऊन त्याचे पैसे देणे हे तिच्या रोजच्या कामाचाच भाग होते, कुठल्या खास अडचणीतून किंवा दबावातून केलेली सोय नव्हती. त्यासाठी फक्त त्या वर्षाची नव्हे, २०१६ पासूनची खातेवही काढा आणि प्रत्येक बिलासमोर ते किती दिवसांनी चुकते झाले ते लिहा. समजा कागदावर ४५ दिवसांची मुदत होती, प्रत्यक्षात पैसे साठ-सत्तर दिवसांनी येत आणि ऑक्टोबर २०२३ चे पैसेही पासष्ट दिवसांनी आले. मग त्या रकमेत वेगळे काही नाही हे आकडेच बोलतील. जीएसटीची विवरणे त्या त्या महिन्यात भरलेली असतात, ती आता मागाहून कोणाला बदलता येत नाहीत. त्यामुळे तुमच्या बिलांच्या खरेपणाचा त्याहून चांगला साक्षीदार नाही. जिथे ई-वे बिले निघाली असतील तिथे तीही जोडा.

मार्चच्या ३,१५,००० बद्दल लिक्विडेटर म्हणेल की, इतकी बिले एकदम चुकती करणे नेहमीचे नव्हते, कंपनी बुडते आहे हे कळल्यावर तुम्हाला पुढे काढले. यावर तुमच्याकडे एक भक्कम उत्तर असू शकते, आणि ते प्राप्तिकर कायद्यात आहे. कलम ४३बी(एच) ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून, म्हणजे २०२३-२४ या आर्थिक वर्षाच्या हिशेबापासून लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिले ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, चुकती केली नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस मिळतो. म्हणून ३१ मार्चच्या आत लहान पुरवठादारांची थकबाकी निकाली काढण्याचे कारण त्या महिन्यात प्रत्येक कंपनीच्या हिशेबनिसाजवळ होते. तुमच्या बिलांवर उद्यम नोंदणी क्रमांक छापलेला असेल, किंवा त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यांच्या लेखा विभागाने तुमच्याकडून नोंदणीचे प्रमाणपत्र मागवल्याचा ईमेल असेल, तर तो या प्रकरणातला तुमचा सगळ्यात मोलाचा कागद आहे. त्याच आठवड्यात कंपनीने इतर लहान पुरवठादारांनाही असेच पैसे दिले का, हे दाखवणारा उतारा लिक्विडेटरकडे लेखी मागा. दिले असतील तर तुम्हाला एकट्यांना पुढे काढले हे म्हणणेच लंगडे पडते. मार्चनंतरही तुम्ही त्यांना माल देत राहिला असाल तर तेही लिहा, कारण बुडत्याकडून वसुली करून पळणारा माणूस पुन्हा उधारीवर खोके पाठवत नाही.

जुलैच्या एक लाखाबद्दल तुम्हाला खोटा धीर देणार नाही. चेक परत गेला, तुम्ही निरोप पाठवला आणि मग पैसे आले, हा क्रम नेहमीच्या ओघाच्या विरुद्ध दिसतो. त्या निरोपाचे छायाचित्र तुम्ही पत्रासोबत पाठवले आहे. त्यातले ‘तुमची कंपनी बसते आहे असं कानावर आलंय, आमचं तेवढं आधी द्या’ हे वाक्य मी दोनदा वाचले. त्यातला ‘आधी’ हा शब्द लिक्विडेटरच्या हाती लागला तर त्याला फार काही सिद्ध करावे लागणार नाही, कारण प्राधान्य म्हणजे नेमके तेच. तरीही तो निरोप पुसू नका. त्यांच्या हिशेबनिसांच्या फोनमध्ये तो आहेच, आणि तुमच्या फोनमधून तो नाहीसा झाला की तुमच्या चांगल्या कागदांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

या एक लाखासाठी एक दुसरी वाट मात्र उरते. असे पैसे परत करायला लावणाऱ्या कलम ४४ च्या परंतुकाप्रमाणे, म्हणजे त्यातल्या अपवादाप्रमाणे, सद्भावनेने आणि मोबदला देऊन लाभ घेतलेल्या माणसाला पैसे परत करायला लावता येत नाही. दिवाळखोरीची जाहीर सूचना प्रसिद्ध झाल्यावर सगळ्यांना माहिती होती असे कायदा मानतो, पण ती सूचना सप्टेंबर २०२४ मधली, म्हणजे तुमच्या शेवटच्या रकमेनंतरची. मोबदला तर तुम्ही खोक्यांच्या रूपाने आधीच दिला होता. प्रश्न उरतो सद्भावनेचा, आणि तिथे तुमचा तो निरोप तुमच्यासमोर उभा राहील. तेव्हा हा बचाव सहाही रकमांना पर्यायी म्हणून मांडा, पण ऐकीव गोष्ट ऐकणे आणि कार्यवाही सुरू होणार असल्याची खरी माहिती असणे यात फरक आहे, हे जुलैच्या रकमेपुढे नेमके लिहा. तुम्हाला कोणी काय सांगितले, कधी सांगितले, ते आठवून वकिलाला खरे सांगा. सगळे मिटवण्याची वेळ आली तर माझ्या मते हा एक लाख सोडायची तयारी ठेवावी.

तीन लाखांची गोष्ट सगळ्यात नाजूक आहे, आणि लिक्विडेटरने ती तुमच्या युनिटच्या यादीत घुसवली आहे हे मला पटत नाही. पहिले काम म्हणजे ती बाहेर काढणे. युनिटचे उत्तर वेगळे आणि यजमानांचे उत्तर त्यांच्या सहीने वेगळे द्या, कारण खोक्यांच्या स्वच्छ व्यवहारावर या तीन लाखांची छाया पडता कामा नये. यजमान कंपनीचे घेणेकरी नव्हतेच, संचालकांचे होते, म्हणून काटेकोर पाहिले तर कलम ४३ त्यांना लागूच होत नाही. पण यात सुटल्यासारखे वाटून घेऊ नका. कंपनीने आपल्या पैशाने दुसऱ्याचे कर्ज फेडले आणि तिला त्या बदल्यात काही मिळाले नाही, तर लिक्विडेटर कलम ४५ खाली, म्हणजे कमी मोबदल्याचा व्यवहार म्हणून अर्ज करू शकतो, आणि फेब्रुवारी २०२४ ही तारीख तिथल्या एका वर्षातही येते. म्हणून उत्तर लिहिण्याआधी कंपनीच्या वहीत ती रक्कम कोणत्या खात्यावर नावे टाकली आहे, याचा उतारा मागा. संचालकांनी कंपनीला कर्जाऊ दिलेल्या रकमेतून ती वजा झाली असेल, तर कंपनीने संचालकांचे देणे फेडले आणि त्यांच्या सांगण्यावरून पैसे यजमानांकडे आले, असे चित्र होते. तेव्हा मुख्य प्रश्न संचालकांना दिलेल्या प्राधान्याचा राहतो आणि यजमानांना सद्भावनेची बाजू मांडायला जागा मिळते. ती खोक्यांच्या खरेदीखाली लिहिली असेल तर मात्र ताबडतोब लेखी कळवा की अशा कोणत्याही बिलाशी तुमचा संबंध नाही, कारण ती नोंद खोटी आहे आणि गप्प राहिलात तर तुम्ही तिच्यात सामील दिसाल. जून २०२३ चे पैसे यजमानांच्या खात्यातून मित्राच्या खात्यात बँकेमार्फत गेले होते का? गेले असतील तर तो उतारा आजच काढून ठेवा.

व्याजाबद्दल थोडक्यात सांगतो. कलम ४४ मध्ये व्याजाचा दर दिलेला नाही, १८ टक्के हा लिक्विडेटरचा आकडा आहे. उत्तरात तो नाकारा. येणे असलेले १,८५,००० रुपये या मागणीतून परस्पर वळते करून घेऊ नका. तसे करणे म्हणजे पुन्हा स्वतःलाच रांगेच्या पुढे काढणे होईल. त्या रकमेचा दावा वेगळ्या अर्जाने लिक्विडेटरकडे दाखल करायचा असतो. मुदत उलटली असेल तर उशीर माफ करण्याची विनंती न्यायाधिकरणाला करता येते. आणि जी काही रक्कम परत करण्याचा आदेश होईल, तेवढे तुमचे जुने येणे पुन्हा जिवंत होते. ते येणे म्हणून नोंदवून घ्यावे अशी मागणी तुमच्या उत्तराच्या शेवटी असलीच पाहिजे, कारण न मागितलेले आदेशात क्वचितच येते.

बडोद्यातल्या काही वकिलांना सवयीने दिवाळीपुऱ्याच्या जिल्हा न्यायालयात मनाई हुकुमासाठी दावा लावावासा वाटेल. त्यात वेळ आणि पैसा दवडू नका, कारण या संहितेखालच्या बाबींत दिवाणी न्यायालयाला अधिकारच नाही. अहमदाबादच्या न्यायाधिकरणापुढे तुम्ही स्वतः किंवा वकील, चार्टर्ड अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी यांपैकी कोणीही तुमच्या वतीने उभे राहू शकतो. तुमचे हिशेब पाहणारे सीए तयार असतील तर खर्च बराच वाचेल, पण कलम ४३ ची प्रकरणे त्यांनी पूर्वी चालवली आहेत का, हे स्पष्ट विचारा. निकाल विरुद्ध गेला तर अपील न्यायाधिकरणाकडे जाण्यास तीस दिवस असतात, आणि पुरेसे कारण असेल तर आणखी पंधराच मिळतात. त्यापुढे एक दिवसही नाही.

मित्राशी बोलणे तोडू नका. त्यांची फॅक्टरी गेली आहे, बँक दाराशी आहे, आणि अशा वेळी तीस वर्षांचा मित्र पाठ फिरवतो तेव्हा माणूस आणखी खचतो. पण यजमानांनी त्यांना घरी जाऊन भेटावे, आणि या व्यवहाराची चर्चा फोनवर करू नये. चहा घेऊन झाल्यावर एकच कागद मागावा. ‘जून २०२३ मध्ये मी यांच्याकडून हातउसने तीन लाख घेतले होते. ते २ फेब्रुवारी २०२४ रोजी माझ्या सांगण्यावरून कंपनीच्या खात्यातून परत केले गेले’, एवढे दोन वाक्यांचे निवेदन, त्यांच्या अक्षरात, सहीसह आणि ज्या दिवशी लिहिले त्याच दिवसाच्या तारखेसह. मागची तारीख घालण्याचा आग्रह कोणी धरला तरी नको म्हणा. हातउसन्या पैशाची वसुलीची मुदत साधारणतः तीन वर्षांची असते. न्यायाधिकरणाने हे तीन लाख परत घेतले तर ते मित्राकडून मागण्याचा तुमच्याकडे एवढाच आधार राहील, म्हणून भेट याच आठवड्यात व्हायला हवी.